ऐकण्याची खोली

कोपरखैरण्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे सारे आयुष्य मसाल्याच्या व्यापारात होते. आधी मशीद बंदरला आणि बाजार तुर्भ्याला हलल्यावर तेथे. आता पेढी मुलाच्या हाती देऊन ते घरी असतात. सिडकोच्या बैठ्या घरावर मजले चढवताना नातवाने वरची बारा फूट लांब, दहा फूट रुंद खोली आजोबांच्या ऐकण्यासाठी राखून ठेवली. खाली आरशासारखी चकचकीत टाइल, वर पीओपीचे छत, रस्त्याच्या बाजूला मोठी काच, आणि दीड लाख रुपये मोजून आणलेली संगीतयंत्रणा. आजोबांनी आठवडाभर स्तवने ऐकली, प्रवचने ऐकली, भीमसेन जोशी ऐकले आणि मग मुकाट्याने खाली येऊन पुन्हा जुन्या ट्रान्झिस्टरपाशी बसू लागले. कारण विचारले तर म्हणतात, "वरचा आवाज मोठा आहे, पण शब्द लागत नाहीत." घरात सर्वांचा हिरमोड झाला आहे. नातू रुसला आहे, शेजारी आवाजाने त्रासले आहेत आणि विक्रेता म्हणतो, याहून मोठी यंत्रणा घ्या. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: घ्यावी का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. घेऊ नये. निदान आज तरी एक रुपयाही यंत्रावर खर्चू नये. उत्तम माल आणून ओल्या वखारीत ठेवला आणि तो बिघडला, तर शहाणा व्यापारी त्याहून महाग माल मागवत नाही, आधी वखार पाहतो. येथे बिघाड खोलीत आहे, आणि आजोबांचे कान या बाबतीत घरातील सर्वांत प्रामाणिक परीक्षक ठरले आहेत.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर वेगाने जातो. शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेले असते की प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी समोरची भिंत किमान १७.२ मीटर, म्हणजे छपन्न फुटांवर हवी. कोपरखैरण्याच्या घरांत एवढे अंतर कोठून असणार? म्हणून आपण समजतो की घरात प्रतिध्वनी नसतो. तो असतोच, फक्त सुटा ओळखू येत नाही. बारा फुटांचे अंतर आवाज सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात कापतो. म्हणजे निघालेला एक शब्द विरून जाईपर्यंत या भिंतीवरून त्या भिंतीवर सेकंदाला नव्वद-पंचाण्णव वेळा आपटत राहतो. हे सारे पडसाद एकमेकांत मिसळून जी शेपटी तयार होते तिला निनाद म्हणतात. देवळाच्या गाभाऱ्यात हा निनाद गंभीर वाटतो, स्नानगृहात गुणगुणणाऱ्याला आपला गळा मोठा भासतो तोही त्याच्यामुळेच. मात्र बोललेले समजून घ्यायचे असेल तेव्हा तो शत्रू होतो.

का, ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण आजोबांच्या तक्रारीचे मर्म येथेच आहे. आपल्या बोलण्यात स्वरांना बळ असते आणि व्यंजनांना अर्थ असतो. 'आ', 'ओ' हे दणकट, लांबणारे आणि खालच्या पट्टीचे. 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजने क्षीण, क्षणभर टिकणारी आणि उंच वारंवारतेची. निनाद भरलेल्या खोलीत आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पडते आणि त्याला झाकून टाकते. तरुण कान उरलेल्या खुणांवरून शब्द जुळवून घेतात. वय वाढते तशी श्रवणशक्ती बहुधा उंच वारंवारतेकडूनच उणावू लागते. म्हणजे व्यंजने आधीच फिकट झालेली असतात आणि त्यांवर ही शेपटी येऊन पडते. वृद्ध माणूस म्हणतो, ऐकू येते पण कळत नाही. घरातले त्यावर आवाज वाढवतात. आवाज वाढवला की शब्द वाढतो आणि शेपटीही त्याच प्रमाणात वाढते. हाती काहीच लागत नाही. मग 'बाबांना आता ऐकू येत नाही' असा निर्णय होतो, त्यांच्याशी बोलणे कमी होते, आणि भर जेवणाच्या पंगतीत एक माणूस एकटा पडतो. पुष्कळ घरांत या एकटेपणाचा निम्मा दोष टाइलला आणि काचेला जातो, असे मला वाटते.

ट्रान्झिस्टर मग का समजतो? तो दोन फुटांवर ठेवलेला असतो म्हणून. जवळच्या आवाजाचा सरळ येणारा भाग भिंतीवरून फिरून येणाऱ्या भागापेक्षा पुष्कळ मोठा असतो. अंतर निम्मे केले की सरळ येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो. शिवाय त्याच्या चिमुकल्या स्पीकरला खर्जाचे बळच नसते, त्यामुळे खोली घुमत नाही. आजोबांनी जे केले ते ध्वनिशास्त्राला धरूनच होते.

या विषयाचे शास्त्र एका तरुण प्राध्यापकाने जवळजवळ एकट्याने उभे केले. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधून झाले आणि त्यात वक्त्याचे बोलणे कोणालाच कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सॅबाइन या भौतिकीच्या अध्यापकाकडे ते काम आले. रात्री सारे शांत झाल्यावर तो जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या उचलून आणी, ऑर्गनची एक नळी वाजवी, ती थांबल्यावर आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी, आणि सकाळ होण्यापूर्वी गाद्या परत नेऊन ठेवी. गाद्या वाढवाव्यात तसा निनाद घटे. मोजणी इतकी सूक्ष्म होती की स्वतःच्या अंगावरील कपडे बदलले तरी उत्तर बदलते हे त्याच्या ध्यानी आले. तेव्हापासून प्रयोगाच्या वेळी त्याने एकच ठरावीक पोशाख ठेवला. त्यातून निघालेले त्याचे सूत्र आजही जगभर वापरतात, आणि १९०० मध्ये उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल त्याच सूत्राच्या आधारे बांधले गेले.

गाद्यांवरून आपल्या घराकडे येऊ. आपल्या जुन्या पेढ्या आठवा. भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढऱ्या चादरीची गादी, पाठीशी लोड आणि तक्के. सौदा हळू आवाजात बोलला तरी समोरच्याला स्वच्छ कळे आणि दाराबाहेर जात नसे. कापडाच्या दुकानात छतापर्यंत थान रचलेले असत. तेथे पाऊल टाकताच आवाज मऊ होई. त्याच रस्त्यावरच्या भांड्यांच्या दुकानात शिरले की झांजांच्या आत शिरल्यासारखे वाटे. व्यापाऱ्याच्या मुलाला ध्वनिशोषण म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागू नये. हिंदुस्थानी गाण्याची बैठकही अशाच खोल्यांत वाढली. मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात ज्या बैठका होत, त्या गालिच्यावर दाटीवाटीने बसलेल्या श्रोत्यांपुढे, हातभर अंतरावरून. गाण्याची ही जवळीक लक्षात घेऊनच राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचे, म्हणजे एनसीपीएचे, टाटा थिएटर १९८० मध्ये उभे राहिले. ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी श्रोत्यांना पंख्याच्या आकारात रंगमंचाभोवती बसवले, अशासाठी की गवयाने ध्वनिवर्धकाविना गावे आणि ते मागच्या रांगेतही पोहोचावे. मग आपण समृद्ध झालो, गादी गेली, सोफा आला, सतरंजी गेली, संगमरवर आला. घर पेढीचे होते ते भांड्यांच्या दुकानाचे झाले.

आता हिशेब मांडू. या मासिकाच्या वाचकांना तो कंटाळवाणा वाटणार नाही. खोली बारा बाय दहा, उंची नऊ फूट. घनफळ १०८० घनफूट. छत, जमीन आणि चार भिंती मिळून पृष्ठभाग ६३६ चौरस फूट. सॅबाइनने शोषणाचे माप उघड्या खिडकीवरून ठरवले, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही: एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक एकक. टाइल, गिलावा, काच हे शंभरातले जेमतेम तीन भाग शोषतात. म्हणजे अख्ख्या खोलीची जमा फक्त १९ एकके. घनफळाला ०.०४९ ने गुणून या जमेने भागले की निनादाचा काळ मिळतो. येथे तो पावणेतीन सेकंद येतो. हा अगदी रिकाम्या खोलीचा आकडा आहे; एखादे कपाट असेल तर थोडा उतरेल. घरी बसून ऐकण्यासाठी ०.३ ते ०.४ सेकंद पुरे. त्यासाठी जमा १३२ एककांच्या आसपास हवी.

तूट ११३ एककांची. ती कशी भरावी? सहा बाय पाच फुटांच्या, चार इंच जाडीच्या दोन कापसाच्या गाद्या जमिनीवर घाला. साठ चौरस फूट, बोलण्याच्या पट्टीत शंभरातले सत्तर भाग शोषण धरले तरी ४२ एकके. काचेवर आठ बाय सात फुटांचा जाड सुती पडदा, कापड दुप्पट घेऊन भरपूर चुण्या पाडलेला: निम्मे शोषण धरून २८. दोन बाय चार फुटांच्या चार शोषक चौकटी: २९. आणि बसलेला प्रत्येक माणूस चार-साडेचार एकके स्वतःबरोबर आणतो. चार माणसांचे १८ धरू. बेरीज ११७. पूर्वीचे १९ मिळून १३६, आणि काळ ०.३९ सेकंद. आजोबा एकटेच बसले तरी तो ०.४३ वर थांबतो. हिशेब ढोबळ आहे, सनदी लेखापालाला दाखवण्याजोगा नाही. पण दिशा त्यातून अचूक कळते. सर्वांत मोठी रक्कम गाद्यांची आहे, हेही कळते. त्या कदाचित माळ्यावर पाहुण्यांसाठी बांधून ठेवलेल्या असतील. नसतील तर पिंजाऱ्याकडून जुना कापूस पिंजून नवी खोळ घालून घ्यावी. दबून फरशीसारख्या झालेल्या गादीचा उपयोग नाही, कापूस मोकळा आणि फुललेला हवा.

उघडी खिडकी सर्वांत स्वस्त शोषक आहे हे खरे, आणि वाचकांपैकी कोणी तरी तसे सुचवणारच. पण तीन टाकीच्या चौकातील रिक्षा त्याच खिडकीतून आत येतात.

चौकटींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे फसवणूक पुष्कळ होते. आवाज शोषणारी वस्तू सच्छिद्र आणि जाड असावी लागते. हवा तिच्या तंतूंत शिरावी, घासावी आणि आवाजाच्या शक्तीची किंचितशी उष्णता व्हावी, एवढाच त्यातला व्यवहार. लाकडी चौकट करून तीत दोन इंच जाडीची, घनमीटरला ४८ किलो घनतेची रॉकवूलची लादी बसवावी आणि वरून सुती कापड ताणावे. रॉकवूल म्हणजे वितळवलेल्या बेसाल्ट दगडाचे तंतू. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड त्याच जातीचा. ते जळत नाही, मात्र हाताळताना खाज सुटते, म्हणून कारागिराने हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी आणि लादी चहूबाजूंनी कापडात बंद करावी. कापड निवडणे आपल्या वाचकांना सांगायला नको. तोंडाजवळ धरून फुंकर मारावी. पलीकडे हवा लागली तर योग्य. मांजरपाट चालतो, रेक्झिन चालत नाही. लोकर व रेशीम ज्या घरांत वर्ज्य आहे त्यांनी खंत करू नये, सुताने काही उणे पडत नाही. चौकट भिंतीला चिकटवण्याऐवजी मागे दोन इंच पोकळी ठेवून टांगली, तर त्याच पैशांत ती खालच्या पट्टीपर्यंत काम करते.

भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठे लावण्याचा एक सल्ला सर्वत्र फिरत असतो. आपल्या घरी ते आणण्याचा प्रश्नच येत नाही, आणि समाधानाची गोष्ट ही की त्यांत काही गमावतही नाही: पुठ्ठा पातळ असतो, थोडासा मधला-वरचा आवाज विखुरतो आणि खर्जाला तर त्याचा पत्ताही लागत नाही.

स्पंजाच्या टोकदार, काळ्या लाद्यांबाबत मात्र विनोद नाही. साधा पॉलियुरेथेन फोम भडकन पेटतो आणि विषारी धूर सोडतो. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या 'द स्टेशन' या रंगशाळेत आवाज दाबण्यासाठी लावलेल्या अशाच फोमने आग घेतली आणि १०० माणसे गेली. ज्या खोलीत निरांजन लागते, उदबत्ती लागते, तेथे तो नकोच. गादी आणि पडदाही दिव्यापासून व विजेच्या जोडण्यांपासून दूर असावेत.

चौकटी कोठे टांगायच्या हे आरशाने ठरवावे. आजोबांना त्यांच्या जागी बसवावे. दुसऱ्याने हातात आरसा घेऊन तो बाजूच्या भिंतीवर सरकवत न्यावा. ज्या ठिकाणी आजोबांना आरशात स्पीकर दिसेल, त्याच ठिकाणाहून पहिला पडसाद त्यांच्या कानी येतो. प्रकाश आणि आवाज दोघेही येथे एकच नियम पाळतात. दोन बाजूंच्या दोन जागा सापडल्या की दोन चौकटी तेथे. उरलेल्या दोन मागच्या भिंतीवर. त्यानंतर खोलीच्या मध्यभागी उभे राहून जोराने टाळी वाजवावी. कागद फाडल्यासारखा 'टर्र' असा आवाज ऐकू आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती अजून आवाजाची चेंडूफळी खेळत आहेत. त्यांपैकी एकीवर पुस्तकांची उघडी फळी ठेवावी.

बसण्याच्या जागेत आपली परंपरा थोडी बाजूला ठेवावी लागेल. लोडाला टेकून, लोड भिंतीला टेकवून बसणे सुखाचे, पण भिंतीलगत खर्ज फुगून येतो. आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसले तर तोच खर्ज खड्ड्यात जातो. मागच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे एक-तृतीयांश, येथे चार फूट, पुढे बसावे. दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट सुटे असावेत. आणखी एक बारीक गोष्ट: हे स्पीकर खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी केलेल्या घोडीवर ठेवलेले असतात. गादीवर मांडी घातलेल्या माणसाचा कान जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर येतो आणि व्यंजनांची धार त्याच्या डोक्यावरून निघून जाते. घोडी कापून घ्यावी किंवा स्पीकर किंचित खाली झुकवावेत. गुडघे आता साथ देत नसतील तर आजोबांनी बेलाशक खुर्चीवर बसावे. त्यांच्या कानांच्या उंचीशी स्पीकर जुळला म्हणजे झाले, गादी मात्र खाली असू द्यावी.

खर्जाचे प्रकरण अवघड आहे आणि त्याला पूर्ण उपाय घरगुती खर्चात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. प्रत्येक खोलीला स्वतःचे काही स्वर असतात. समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी लाट नेमकी बसते ती खोली स्वतःहून फुगवते. आपल्या खोलीची लांबी ४७ हर्ट्झला बोलते, रुंदी ५६ला आणि उंची ६३ला, शिवाय प्रत्येकाच्या पटीही आल्याच. आता पाहा: काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. म्हणजे घरातल्या या खोल्या नेमक्या तंबोऱ्याच्या आणि डग्ग्याच्या शेजारी जाऊन घुमतात. तबल्याच्या शाईमुळे त्याच्या नादात सुरेल पटी कशा निर्माण होतात हे चं. वें. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. अशा खोलीत त्या साऱ्या सौंदर्यावर एक ढबढब पसरते. दहा बाय दहाची चौरस खोली असेल तर दोन स्वर एकावर एक बसतात आणि दोष दुणावतो. निवडीला वाव असेल तर ऐकण्यासाठी चौरस खोली घेऊच नये.

पातळ पडदा येथे निरुपयोगी. १०० हर्ट्झची लाट सव्वाअकरा फूट लांब असते, तिला दोन इंचांची चौकट म्हणजे पायवाटेवरचा खडा. उपयोगी पडतात त्या जाड, भरलेल्या वस्तू, आणि त्यांची जागा कोपऱ्यात, कारण खर्ज कोपऱ्यांत साठतो. उरलेल्या गाद्यांच्या घट्ट नसलेल्या वळकट्या करून त्या स्पीकरमागच्या दोन्ही कोपऱ्यांत उभ्या कराव्यात, शक्यतो छातीच्या वर जातील अशा, आणि त्यांना सुती खोळ घालावी. कपड्यांनी भरलेले कपाट दार उघडून ठेवले तरी फरक पडतो. तोही पुरेसा न वाटला तर यंत्रावरचा खर्ज सरळ कमी करावा. प्रवचनाला तो लागतच नाही. पावसाळ्यात खाडीकाठची ही हवा कापसात ओल भरते. बुरशी आणि सूक्ष्म जीव होऊ नयेत म्हणून वळकट्या भिंतीपासून बोटभर सुट्या ठेवाव्यात, गाद्या आषाढापूर्वी आणि पाऊस संपल्यावर कडक उन्हात टाकाव्यात. चातुर्मासात हात लावण्याची वेळ येऊ नये अशीच व्यवस्था आधी करून ठेवणे बरे.

नातवाच्या मनात छताला घुमटाचा आकार देण्याचे आहे, असे पत्रात ओझरते म्हटले आहे. कृपा करून देऊ नये. विजापूरचा गोलघुमट ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण सांगावे लागणार नाही. १६५६च्या सुमारास पुरे झालेल्या त्या वास्तूत सज्जात केलेली कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू येते आणि एका टाळीच्या अनेक टाळ्या होतात. प्रवाशाला मौज वाटते. पण तेथे बसून कोणी प्रवचन ऐकून दाखवावे. वाकडा पृष्ठभाग आवाज एका जागी गोळा करतो, दुसऱ्या जागी उणा करतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची गल्लत वरच्या उपायांशी होऊ नये. गादी, पडदा, चौकटी आतला आवाज आवरतात. भिंतीपलीकडे जाणारा आवाज त्या जवळजवळ अडवत नाहीत. अडवण्यासाठी वजन लागते आणि फट नसणे लागते. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढी जरी फट असली, तरी भिंत कितीही जाड बांधा, वीस डेसिबलच्या पुढे अडवणूक जात नाही. दाराखालची अर्ध्या इंचाची मोकळीक, सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीचे सांधे, वातानुकूलन यंत्राच्या नळीचे भोक: आधी ही बुजवावीत, रबराची पट्टी लावावी. पण सामाईक भिंतीतून जाणाऱ्या खर्जावर यांचाही इलाज चालत नाही. तेव्हा स्पीकर त्या भिंतीला लागून नसावा, त्याखाली जाड रबराचे तुकडे असावेत, आणि रात्री खर्ज बंद. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी यंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वर जाऊ नये. नियम माहीत असावा, पण कोपरखैरण्याच्या एकाला एक लागून असलेल्या घरांत नियमापेक्षा शेजारधर्मच आधी आठवावा. येथे एक दिलासा आहे. खोली सुधारली की शब्द कमी आवाजात कळू लागतात, आणि कमी आवाज लावला की शेजारची निम्मी तक्रार आपोआप मिटते.

आणि एक टोक गाठताना दुसरे टोक गाठू नये. उत्साहाच्या भरात चारही भिंती आणि छत गादीने मढवणारे लोक असतात. अशा खोलीत गाणे मरते. तंबोऱ्याची जवारी कोरडी वाटते, आणि माणसाला थोड्या वेळाने कानांत बोळे घातल्यासारखे होते. छत निम्मे तरी उघडे राहू द्यावे. भिंतींचाही बराचसा भाग उघडा राहावा. घरातल्या बायका भावनेला बसतील, एकमेकींच्या आवाजात आवाज मिसळतील, तेव्हा थोडा निनाद त्यांना हवाच असतो.

काम सुरू करण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. सुनेने आजोबांच्या पाठीमागे, स्पीकरच्या अंतरावर उभे राहून नेहमीच्या आवाजात बाजारातले वीस शब्द वाचावेत, एकेक, आणि आजोबांनी ऐकले ते सांगावे. शब्द जाणूनबुजून जवळजवळचे घ्यावेत: जिरे, मिरे, हिरे; धने, चणे; तीळ, नीळ; सुंठ, मूठ. मसाल्याच्या बाजारात ज्यांचा जन्म गेला त्यांनी जिरे आणि मिरे यांत गफलत केली तर समजावे की दोष त्यांच्या अनुभवात नाही. किती बरोबर आले ते वहीत टिपून ठेवावे. गाद्या अंथरल्यावर, पडदा लावल्यावर, चौकटी टांगल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, शब्दांचा क्रम बदलून.

आकडा सुधारला तर यंत्रणा आहे तीच पुरे. सुधारलाच नाही, किंवा सुनेने दोन फुटांवरून वाचले तरीही शब्द चुकत असतील, तर खोलीचा भाग संपला आणि कानांची तपासणी करून घ्यायची वेळ आली. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून याच कामासाठी आहे. श्रवणयंत्र लागलेच, तरी गाद्या काढू नयेत. ते यंत्र शब्दाबरोबर निनादही वाढवून देते, म्हणून श्रवणयंत्र वापरणाऱ्याला शांत खोलीची गरज इतरांहून अधिक असते. तपासणीला जाताना ती वही बरोबर न्यावी. कोणते शब्द चुकले, कोणत्या अंतरावरून चुकले, हे पाहून तपासणाऱ्याला नेमके काय विचारायचे ते कळेल.